सुटली

“‘सुटली’ म्हटलं की आत जायचं. ‘भरली’ म्हटलं की आहे तिथे उभं राहायचं. तिसरा शब्द नाही,” मी म्हणाले, आणि वहीत दोन्ही शब्दांखाली रेघ ओढली.

बाबलकाका गवस खळ्यात उकिडवे बसून बंदुकीच्या नळीतून तेलाची चिंधी फिरवत होते. त्यांनी मान वर केली नाही. “आणि आमी आजपरयात ‘बार झालो’ म्हणत इलंव, तां?”

“बार झाला हे सगळ्यांनाच ऐकू येतं. कोणाचा झाला ते कळत नाही. म्हणून तर गेल्या रविवारी फटू वसंतरावांच्या भरल्या बंदुकीसमोर जाऊन उभा राहिला.”

“उभो नाय रवलंय, चलत होतंय,” फटू नाईक म्हणाला. तो पेळेच्या कट्ट्यावर बसून टायगरच्या कानातल्या गोचिड्या काढत होता.

“चालत होतास तर चालत मेला असतास. नावानं विचारायचं आणि बंदुकीचंच उत्तर द्यायचं. ‘बाबलकाका, सुटली?’ ‘सुटली.’ एका शब्दात. लांब बोललं की ओढ्याच्या आवाजात अर्धं हरवतं.”

“बंदूक बोलूक लागली तर माजा काय काम?” बाबलकाका म्हणाले.

फटू हसला. “काका, बंदूक म्हणजे बायलमाणूस. इचारल्याबरोबर खरा सांगात?”

“आणि तुमी बापये सांगतास तां खरा?” दगडी गडग्यापलीकडून त्याची बायको सरिता म्हणाली. ती फटूच्या भाकऱ्या फडक्यात बांधून घेऊन आली होती. गाठोडं तिने माझ्या हातात दिलं. “बाय, तूच धर. हेच्याकडे दिलंय तर अर्धे कुत्र्यांक घालतलो.”

बाबलकाकांनी नळी डोळ्याजवळ नेऊन उजेडाकडे धरली, पाहिलं, आणि बंदूक भिंतीला टेकवताना तोंड जमिनीकडे केलं. “बरा,” ते म्हणाले. “तू शिकलेली आसस. सुटली तर सुटली.”

या गोष्टीला अकरा वर्षं झाली. मी तेव्हा बावीस वर्षांची होते. पदवी भौतिकशास्त्राची आणि काम मिळालं होतं डुकरांचं. एका संस्थेसाठी दोडामार्गाच्या वरच्या अंगाच्या वाड्यांमधून रानडुकरांनी केलेली भाताची नासाडी मोजायची, चार महिने. मी मूळची फलटणची. मोरगणवाडीत मला बाबलकाकांच्या घरी माजघराशेजारची खोली मिळाली होती. त्या वर्षी भात पिवळं पडायला लागल्यावर वनखात्याने वाडीला डुकरं मारायची परवानगी दिली. वाडीत परवान्याच्या बंदुका दोनच, शेतीच्या राखणीसाठी घेतलेल्या आणि दोन्ही ठासणीच्या, एका वेळी एकच बार देणाऱ्या. एक बाबलकाकांची, दुसरी वसंतराव देसायांची. फटूचे तीन कुत्रे.

डुकरांइतकीच मी तिथली भाषाही टिपून घेत असे. पहिल्याच आठवड्यात मी “डुक्कर आलं” म्हणाले तेव्हा फटूने मला थांबवलं होतं. “आलं न्हय गो. डुकर इलो. डुकर गेलो. डुकर पडलो.” मी वहीत लिहिलं होतं: डुकर, पुल्लिंगी, क्रियापदाला ओ. नियम स्वच्छ होता, मला आवडला होता.

बंदुकीबद्दलही माझ्या वहीत तीन पानं होती. बाबलकाका बंदूक घरात कधीच भरत नसत. केप, म्हणजे दारूला ठिणगी देणारी टोपी, तपकिरीच्या एका जुन्या डबीत, डबी सदऱ्याच्या वरच्या खिशात, आणि केप बसवायची ती आपल्या जागी पोचून टेकल्यावरच. गडगा ओलांडायचा असेल तर बंदूक आधी गडग्यावर आडवी ठेवायची, मोकळ्या हातांनी पलीकडे उतरायचं, मग उचलायची. जनावर पूर्ण दिसल्याशिवाय चापाला बोट नाही. नुसती झाळ, म्हणजे झुडपं, हालली म्हणून बार काढणाऱ्यांची नावं ते घेत आणि प्रत्येक नावानंतर थुंकत. मी एकदा बंदूक हातात मागितली होती. “परवान्यार नाव माजा आसा, तुजा नाय,” एवढंच म्हणाले. मात्र भरताना वेळ मोजू दिला. दारू, काथ्या, छर्रे, पुन्हा काथ्या, गजाने ठासणं, केप. तीनदा मोजला. सरासरी तीन मिनिटं पन्नास सेकंद.

त्या सकाळी आम्ही साडेआठला निघालो.

जागा सगळ्यांच्या ओळखीची होती. मधे ओढा, तिथे त्याला व्हाळ म्हणतात. दोन्ही बाजूंना करवंदीची आणि घाणेरीची दाट झाळ, उत्तरेला सरळ उभा कातळकडा. डुकरं दिवसा या झाळीत पडून असत. खालून दोन माणसं डबे वाजवत हाकारा करणार, फटू कुत्रे घेऊन आत सोडणार. वर, जिथे झाळ संपून भाताच्या कोपऱ्याकडे वाट फुटते, तिथल्या धोंडीवर बाबलकाका. उजव्या काठाला वसंतराव. मी मधोमध, व्हाळातल्या जांभळीखाली, कारण तिथून दोन्ही बंदुकांना माझी हाक पोचत होती. आदल्या दिवशी मी ते ओरडून पाहिलं होतं. वसंतराव साठ पावलांवर, बाबलकाका एकशे दहा. मला त्या दोघांपैकी कोणीच दिसत नव्हतं. माझं काम विचारणं, ऐकणं आणि फटूला सांगणं.

“म्हणजे आज तूच आमची मास्तरीण,” फटू म्हणाला.

“मी सांगितल्याशिवाय आत जायचं नाही.”

“नाय जाणा. बायलेची आण.”

“तिच्यावर कशाला? स्वतःची घे.”

“माजी आण कोण खरी धरता?”

तो कुत्र्यांच्या गळ्यातल्या दोऱ्या सोडत खाली गेला.

सव्वानऊला डबे सुरू झाले. नऊ एकतीसला टायगरचा आवाज बदलला. धावतानाचं भुंकणं वेगळं आणि जनावर समोर अडवून धरल्याचं वेगळं. ते एकाच जागेवरून येतं, न थांबता. बाकीचे दोन कुत्रेही तिथेच जाऊन मिळाले. मी वेळ लिहिली. मग झाळीत काहीतरी जड पडल्यासारखं मोडलं, आणि टायगर किंचाळला. कुत्र्याचा तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता.

लगेच बार झाला. आणि त्याच्यामागून दुसरा.

मी लिहिलं: ९.४०. दोन बार, मधे सव्वा सेकंद.

फटू व्हाळाच्या दगडांवरून धावत माझ्यापर्यंत आला. त्याच्या हाताला रक्त होतं. “टायगराक फाडल्यान. पोट भायर पडला. माज्या हातातसून निसटलो, वर झाळीत शिरलो. जातंय मी, बांधूक व्हया तेका.”

“थांब.”

“मरात गो तो!”

“थांब म्हणते ना. विचारू दे.”

तो थांबला. कमरेचा टॉवेल सोडून हातात धरला, आणि एका पायावरून दुसऱ्या पायावर होत राहिला.

मी उजवीकडे वळले. “वसंतराव, सुटली?”

“सुटली!” लगेच उत्तर आलं.

वर वळले. “बाबलकाका, सुटली?”

काही नाही. पाण्याचा आवाज. पुन्हा ओरडले. पुन्हा काही नाही. फटू म्हणाला, “बाय…” मी हात वर केला. तिसऱ्यांदा तोंडाभोवती हात धरून ओरडायला श्वास घेतला, आणि तेवढ्यात वरून आवाज आला, मोठा, जवळजवळ आनंदाचा.

“सुटली! सुटली!”

मी फार तर दोन सेकंद विचार केला. त्या दोन सेकंदांत काय काय तपासलं ते मला आजही क्रमाने सांगता येतं. दोन बार ऐकले, दोन बंदुका, दोन्ही सुटल्या. हिशेब जुळला. हे जनावराबद्दल तर नसेल? नाही. टायगरचं पोट फाडलं म्हणजे सुळेवाला नर, आणि डुकर सुटला असता तर ते ‘सुटलो’ म्हणाले असते. ‘सुटली’ म्हणाले. म्हणजे बंदूक. शब्द दोनदा आला होता. आमचा एकदाच ठरला होता. तेही माझ्या लक्षात आलं, आणि मी ते सोडून दिलं.

“जा,” मी फटूला म्हणाले.

तो वरच्या झाळीत शिरला. “टायगर, टायगर, यू यू यू,” असा दबल्या आवाजात बोलावत गेला, कारण दुखावलेला कुत्रा मोठ्या आवाजाला आणखी आत पळतो. पाण्याच्या आवाजात दहा पावलांनंतर ते मलाही ऐकू येईना. मी लिहिलं: ९.४२. सुटली.

घड्याळाकडे पाहतच होते. त्रेचाळीस व्हायला काही सेकंद होते, तेव्हा बार झाला. वरून. आणि सव्वा सेकंदाने कड्यावरून त्याचा पडसाद आला, तसाच, तेवढाच.

तीन मिनिटं पन्नास सेकंद झाले नव्हते. रिकाम्या बंदुकीतून बार होत नाही. मी पळत सुटले.

फटू करवंदीत पाठीवर पडला होता. छातीच्या खाली डाव्या बाजूला सदरा काळा झाला होता. टॉवेल अजून हातात होता. टायगर त्याच्यापासून चार हातांवर पडून त्याच्याकडे पाहत होता. मी तो टॉवेल घेऊन जखमेवर दाबला. माझ्या दोन्ही हातांखाली ते गरम होतं आणि थांबत नव्हतं. फटूचे डोळे उघडे होते. त्याने मला ओळखलं.

“बाय,” तो म्हणाला, “सुटली म्हटलंस मां?”

“हो.”

“मगे?”

त्याला खरोखरच कळलं नव्हतं आणि तो मला विचारत होता, जशी मी त्याला महिनाभर एकेक गोष्ट विचारत आले होते. हाकाऱ्याची माणसं आली, वसंतराव आले. दोन बांबू तोडून त्यात घोंगडं घातलं आणि त्याला उचललं. रस्त्यापर्यंत पाऊण तासाची वाट होती. ते निघाले तेव्हा तो श्वास घेत होता. वाटेत घेईनासा झाला.

मी त्यांच्याबरोबर गेले नाही. मी वर धोंडीकडे गेले. टायगर त्याच जागी मेला. बाबलकाका धोंडीला पाठ टेकून बसले होते. बंदूक बाजूला, तोंड जमिनीकडे. त्याही अवस्थेत त्यांनी ती तशी ठेवली होती.

“तू माका इचारूक नाय,” ते म्हणाले. “कोण येतलो? इचारल्याशिवाय कोण येवचो नाय, असा तूच सांगलंस. म्हणान बार काढलंय. नायतर झाळ हालली म्हणान मी… चाळीस वर्सां बंदूक धरतंय, बाय. झाळ हालली म्हणान मी कधी…”

“मी विचारलं. दोनदा.”

“आयकाक इला नाय.”

“तुम्ही उत्तर दिलंत काका. सुटली म्हणालात.”

ते माझ्याकडे पाहत राहिले. नंतर हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मला पाहवेना.

“डुकरीण गो,” ते म्हणाले. “डुकरीण. हय माज्या पायांकडसून गेली. पोटुशी होती. तिका कसो मारू? सोडलंय. सुटली म्हटलंय, बापडी सुटली.” थोड्या वेळाने म्हणाले, “मागसून झाळ हालली. माका वाटला, वसंताच्या बारान दुखावलेलो डुकर माज्यार इलो.”

वसंतरावांचा डुक्कर खाली व्हाळातच मरून पडलेला नंतर सापडला. नर होता, सुळे चार बोटं. बार दोन नव्हतेच. एक बार आणि एक पडसाद. मी उभी होते तिथून कडा दोनशे दहा मीटर. आवाजाला जाऊन यायला जवळपास सव्वा सेकंद लागतो. हे गणित बारावीचं आहे, आणि त्याचं उत्तर मी बार होताक्षणीच माझ्या हाताने वहीत लिहून ठेवलं होतं.

आम्ही दोघं तिथे बसून राहिलो. डुकरिणीबद्दलचं ते बोलणं आमच्या दोघांशिवाय कोणी ऐकलं नाही.

पोलीस दुपारी तीनच्या सुमारास आले. शाळेच्या पडवीत टेबल मांडलं. हवालदार मध्यम वयाचे, घाटावरचे, आवाज न चढवणारे होते. आधी वसंतरावांचा जबाब झाला, मग हाकारेवाल्यांचा. बाबलकाका पडवीच्या टोकाला बाकावर होते, शेजारी एक शिपाई. मला तेवढ्यात कोणीतरी चहा दिला होता. तो मी धरून होते. शाळेच्या मागे बायका जमल्या होत्या आणि त्यांच्यात सरिता होती. तिचा आवाज मधेच चढे आणि मधेच अगदी थांबे. थांबला की मी तो पुन्हा सुरू होण्याची वाट पाहत असे.

“तुमचं ठरलेलं काय होतं?” हवालदारांनी मला विचारलं.

मी वही उघडून दाखवली. दोन शब्द, दोघांखाली रेघ. त्यांनी पान नीट वाचलं, मान हलवली.

“चांगली पद्धत आहे,” ते म्हणाले. “इथे कोण एवढं करतं? बरं, मग तुम्ही विचारलंत. यांनी काय उत्तर दिलं?”

“सुटली.”

ते लिहू लागले. लिहिताना पुटपुटत होते. “मी विचारणा केली असता… श्री. बाबल गवस यांनी… बंदूक सुटली, असे ओरडून सांगितले.”

‘बंदूक’ हा शब्द मी उच्चारला नव्हता. तो त्यांनी आपणहून घातला.

“म्हणजे बघा,” ते पेन थांबवून म्हणाले, “नुसतं चुकून लागलं असतं तर एक गोष्ट होती. इथे भरलेली बंदूक रिकामी आहे म्हणून सांगितलं, त्या भरवशावर माणूस आत गेला, आणि मग त्याच बंदुकीने त्याला मारलं. म्हाताऱ्याला जड जाणार हे.” मग माझ्याकडे पाहिलं. “तसंच बोलले ना? बंदूक सुटली? कारण दुसरं काही बोलले असतील, तर मग मला विचारायला लागेल, की त्याला आत जा म्हणून सांगितलं कोणी.”

मला आठवतं, समोरच्या भिंतीवर मुलांसाठी रंगवलेला तक्ता होता. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद. प्रत्येकापुढे तीन-तीन उदाहरणं. क्रियापदापुढचं ‘धावतो’ थोडं पुसलेलं होतं.

हवालदारांनी माझ्या उत्तराची थोडी वाट पाहिली आणि मग ते बाकाकडे वळले. लिहिलेलं वाक्य त्यांनी पुन्हा मोठ्याने वाचलं. “बंदूक सुटली, असे ओरडून सांगितले. काय गवस? बरोबर आहे?”

बाबलकाकांनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सकाळी खळ्यात नळीतून उजेडाकडे पाहिलं होतं, तसं, एक डोळा किंचित बारीक करून. आत काही अडकलंय का ते पाहायचं असावं तसं. मी तोंड उघडेन म्हणून ते थांबले होते. मागे सरिताचा आवाज थांबलेला होता.

“बरोबर आसा,” ते म्हणाले.

दीड वर्षाने त्यांना शिक्षा झाली. परवाना गेला. शिक्षा पुरी होण्याच्या दोन महिने आधी ते तुरुंगाच्या दवाखान्यात वारले. कोर्टातही त्यांनी ते वाक्य तसंच ठेवलं. मला साक्षीला बोलावलं होतं. वकिलांनी जबाब वाचून विचारलं, ही सही तुमचीच का? मी हो म्हणाले. तेवढंच विचारलं गेलं. सरिताला मी त्यानंतर एकदाच भेटले, कोर्टाच्या आवारात. “बाय, तू तरी इचारलंस,” ती म्हणाली, आणि माझा हात हातात घेतला.

पण त्या दुपारी यातलं काहीच झालेलं नव्हतं. कागद टेबलावर होता, शाई ओली होती, आणि एक शब्द खोडून टाकायचा झाला तर अजून खोडता येण्यासारखा होता. हवालदारांनी कागद माझ्याकडे सरकवला आणि खाली बोट ठेवलं. “इथे. पूर्ण नाव लिहा.”

त्यांचं पेन उमटेना. दोनदा कोपऱ्यात गिरवून पाहिलं, उमटलं नाही.

मी वहीतून माझं काढलं.